साइटवर माणूस नेमताना आणि तयार करताना: कुठलं काम आधी, कुठलं नंतर

बांधकामात भरती बहुतेक वेळा अशी होते. एक इंजिनिअर अचानक सोडून जातो, स्लॅब आठवड्यावर आलेला असतो, कुणीतरी ओळखीचा एक मुलगा पाठवतो. पंधरा मिनिटं बोलणं होतं, पगार ठरतो आणि दुसऱ्या दिवशी त्याच्या हातात ड्रॉइंगची गुंडाळी देऊन "बघा, सांभाळा" म्हटलं जातं. तीन महिन्यांनी मालक म्हणतो, "हल्ली चांगली माणसं मिळतच नाहीत." मिळालेला माणूस चांगला होता की वाईट, हे मात्र कुणीच नीट तपासलेलं नसतं.

हा लेख लहान-मध्यम ठेकेदार, प्रोजेक्ट मॅनेजर आणि साइट इनचार्ज यांच्यासाठी आहे. उदाहरणं मुख्यतः साइट इंजिनिअर आणि फोरमनची घेतली आहेत. गवंडी, फिटर, सुतार यांनाही हाच क्रम लागू पडतो, फक्त कागद कमी आणि हातकाम जास्त. क्रम मोडू नका. बहुतेक चुका एखादी पायरी वाईट केल्यामुळे होत नाहीत, ती नंतर केल्यामुळे होतात.

## १. आधी कामाचा कागद, मग माणूस

जाहिरात देण्याआधी एका पानावर लिहून काढा: हा माणूस ९० दिवसांनी कुणाच्याही मदतीशिवाय काय काय करत असेल? "साइट सांभाळणे" असं लिहू नका, त्यातून काहीच कळत नाही. कनिष्ठ साइट इंजिनिअरसाठी कागद साधारण असा दिसेल:

- ग्रिडवरून कॉलमचं लाइनआउट (जमिनीवर जागेची आखणी) करून कर्ण मोजून तपासणे
- काँक्रीट भरण्याआधी सळई, कव्हर (सळईबाहेरचा काँक्रीटचा थर) आणि शटरिंग (काँक्रीटचा साचा) तपासून सही करणे
- झालेल्या कामाची मोजमापं त्याच दिवशी नोंदवणे
- उद्याला लागणारा माल आणि माणसं आज संध्याकाळपर्यंत कळवणे
- काम चुकीचं चाललं असेल तर ठेकेदाराच्या मुकादमाला थांबवणे

शेवटची ओळ हमखास राहून जाते आणि पुढची निम्मी भांडणं तिच्यावरूनच होतात.

आता प्रत्येक ओळीपुढे खूण करा: हे त्याला येतानाच आलं पाहिजे, की आपण शिकवणार आहोत? सगळंच येतानाच हवं असेल तर पगारही तसाच द्यावा लागेल. सगळंच शिकवणार असाल तर शिकवायला कोण मोकळं आहे, त्याचं नाव कागदावर लिहा. "सगळे मिळून शिकवू" याचा अर्थ कुणीच शिकवणार नाही. हाच कागद पुढे मुलाखतीत, हातकामाच्या परीक्षेत आणि ९० दिवसांच्या बैठकीत वापरायचा आहे, म्हणून तो जपून ठेवा.

नेहमीची चूक: "किमान पाच वर्षांचा अनुभव" एवढंच लिहिणं. पाच वर्षं फक्त फिनिशिंगवर काढलेल्या माणसाने पायाचं खोदकाम पाहिलेलंही नसतं. किती वर्षं यापेक्षा कुठल्या टप्प्यावर, हे विचारा.

तपासा: पगाराची मर्यादा, कामाचे तास, राहायची सोय, साप्ताहिक सुट्टी हे सगळं ठरलंय का? साइटवर वापरण्याजोगं स्वच्छतागृह आहे का? हा प्रश्न मुलाखतीत एखादी मुलगी विचारेल आणि तेव्हा उत्तर शोधायला लागलात तर ती नोकरी घेणार नाही. बरोबरच करेल.

## २. शोध दोन महिने आधी सुरू करा

चांगला माणूस सहसा कुठेतरी कामावर असतो आणि त्याला तिथून नीट सुटायला वेळ लागतो. जो उद्यापासून यायला तयार आहे तो वाईटच असतो असं नाही, पण तो मोकळा का आहे हे विचारायला तुमच्याकडे सवड हवी. बार चार्टवर (कामाच्या वेळापत्रकाच्या तक्त्यावर) पुढचा मोठा टप्पा दिसतोय, तिथून दोन महिने मागे या. ती तुमची सुरुवात.

कुठे शोधायचं? जाहिरात द्याच, पण खरी माहिती वेगळ्याच लोकांकडे असते. रेडीमिक्सच्या प्लांटवरच्या माणसाला विचारा, कुठल्या साइटवरचा इंजिनिअर गाडी आली की आधी चलन वाचतो. सळईच्या दुकानदाराला विचारा, माल वजन करून कोण घेतं. तुमच्या स्वतःच्या जुन्या मुकादमाला विचारा, कुणाच्या हाताखाली पुन्हा काम करायला आवडेल. माणसं कशी काम करतात हे त्यांना रोज दिसतं आणि त्यांना सहसा कुणी विचारत नाही.

सावधान: सगळी भरती एकाच माणसाच्या ओळखीतून करू नका. तो गेला की त्याच्यामागे अख्खी टीम जाते आणि तो असेपर्यंत कुणाची तक्रार वरपर्यंत पोचत नाही.

## ३. फोनवर दहा मिनिटं

भेटायला बोलावण्याआधी फोन. सध्याची साइट कुठल्या टप्प्यावर आहे, त्यातला स्वतःच्या हाताखालचा भाग कोणता, सोडायचं कारण काय, अपेक्षा किती, कधी येऊ शकतो. बस्स. तांत्रिक प्रश्न फोनवर नकोत. पगाराची अपेक्षा तुमच्या मर्यादेच्या फार पलीकडे असेल तर आत्ताच सांगून टाका, दोघांचाही दिवस वाचतो.

## ४. मुलाखत: सगळ्यांना तेच प्रश्न, त्याच क्रमाने

मनमोकळ्या गप्पांतून माणूस ओळखता येतो असं बहुतेक अनुभवी लोकांना वाटतं. गप्पांतून कळतं ते एवढंच की माणूस गप्पांना कसा आहे. मानसशास्त्रज्ञ पॉल सॅकेट आणि सहकाऱ्यांनी २०२२ मध्ये निवडपद्धतींवरच्या जुन्या संशोधनाची फेरतपासणी केली. पुढे माणूस कसं काम करेल याचा अंदाज देण्यात ठरावीक प्रश्नांची, ठरावीक गुणांची मुलाखत सगळ्यात वर आली. बांधकामात ही पद्धत पाळणं अवघड नाही, फक्त आधी बसून प्रश्न लिहावे लागतात.

कागदावरच्या प्रत्येक महत्त्वाच्या ओळीसाठी एक प्रश्न घ्या आणि तो घडून गेलेल्या गोष्टीबद्दल विचारा. "समजा असं झालं तर काय कराल?" या प्रश्नाला सगळ्यांचं उत्तर छान असतं. त्याऐवजी:

- तुमच्या देखरेखीखालचं कुठलं काम शेवटी तोडावं लागलं? कुणाच्या लक्षात आलं आणि पुढच्या तासाभरात तुम्ही काय केलंत?
- ठेकेदार ऐकत नव्हता आणि काम थांबवावं लागलं, असा एक दिवस सांगा.
- ड्रॉइंगमध्ये चूक सापडली तेव्हा कुणाला, कसं कळवलं?

पहिल्या उत्तरावर थांबू नका. "आम्ही दुरुस्त केलं" म्हणाला तर विचारा, आम्ही म्हणजे कोण? तुम्ही कुठे उभे होता? ज्याने खरंच हनीकोंब झालेला, म्हणजे काँक्रीटमध्ये पोकळ्या राहिलेला कॉलम हाताळलाय तो सांगतो की कुठल्या बाजूला झालं होतं, किती खोल गेलं होतं, सळई दिसत होती का, सल्लागाराला फोटो पाठवून त्याचं उत्तर येईपर्यंत कशाला हात लावला नाही. ज्याने नुसतं ऐकलंय तो "केमिकल मारून ग्राउट केलं" इथेच संपतो. आणि "माझ्या साइटवर कधीच काही तोडावं लागलं नाही" असं म्हणणारा एकतर फार नवा असतो किंवा सांगायला तयार नसतो.

मुलाखत घेणारे दोघे असावेत. प्रत्येकाने आपापले गुण आधी लिहायचे, बोलायचं नंतर. साहेबांनी आधी "मुलगा बरा वाटतो" म्हटलं की दुसऱ्याचे गुण आपोआप वाढतात.

## ५. हातात काम देऊन पाहा

ही पायरी सगळ्यात जास्त वगळली जाते. माझ्या मते वेळ कमी असेल तर मुलाखत छोटी करा, ही पायरी सोडू नका.

इंजिनिअरसाठी. टेबलावर दोन ड्रॉइंग ठेवा: स्ट्रक्चरलची जुनी रिव्हिजन (आवृत्ती) आणि आर्किटेक्टची नवी, ज्यात एक दार सरकलंय. सांगा, या भिंतीचं काम उद्या सुरू करायचंय, तयारी सांगा. काम करणारा माणूस आधी ड्रॉइंगचा खालचा उजवा कोपरा बघतो, जिथे रिव्हिजन लिहिलेली असते, आणि विचारतो, "चालू रिव्हिजन कुठली?" हा प्रश्न आला की निम्मे गुण तिथेच द्या.

मग एक साधा हिशोब. १६ मिमीच्या १२ मीटर लांबीच्या २० सळया, वजन किती? व्यासाचा वर्ग भागिले १६२, म्हणजे मीटरला सुमारे १.५८ किलो. लांबी २४० मीटर, वजन साधारण ३७९ किलो. सूत्र विसरला तर सांगा, काही बिघडत नाही. पण दशांशचिन्ह चुकून उत्तर ३.८ टन आलं आणि त्याला काहीच खटकलं नाही, तर त्याची नोंद घ्या. असा माणूस मालाची ऑर्डरही त्याच नजरेने देतो.

त्यानंतर साइटवर न्या आणि भरायला तयार असलेला कॉलम दाखवा. "सही कराल का?" एवढंच विचारा आणि गप्प राहा. तो एकमेकींना लागून असलेल्या दोन बाजूंना ओळंबा लावून बघतो की एकाच? कव्हर ब्लॉक हलवून बघतो का? रिंगांमधलं अंतर टेपने मोजतो की डोळ्यांनी? हुक आत वळलेत का बघतो? खाली वाकून शटरच्या तळाशी लाकडाचा भुसा, बांधणीच्या तारेचे तुकडे पडलेत का पाहतो का?

लेव्हलचं काम असेल तर ऑटो लेव्हल (पातळी मोजायचं यंत्र) बरोबर आहे हे कसं ठरवाल, ते विचारा. अपेक्षित उत्तर: दोन खुंट्यांच्या मधोमध यंत्र लावून दोन्हीवरची रीडिंग घ्यायची, मग एका खुंटीजवळ लावून पुन्हा घ्यायची. दोन्ही वेळचा फरक जुळला नाही तर यंत्र ढळलंय.

फोरमनसाठी. उद्याची कामं, हजर माणसं आणि एक अडचण लिहून द्या: क्रेन दुपारपर्यंत येणार नाही. वीस मिनिटांत दिवस लावून दाखवू दे. कोण कुठे हे सगळेच सांगतात. कुठलं काम मुद्दाम उद्यावर टाकलं आणि का, ते ऐका.

गवंड्यासाठी. भिंतीचा छोटा तुकडा, कोपऱ्यासकट. आधी कोपरे उचलून दोरी बांधतो का, उभे सांधे एकावर एक न येऊ देता मोडतो का, दर थोड्या थरांनी ओळंबा आणि गुण्या लावतो का, सांडलेला माल पुन्हा वापरताना काय करतो. आणि शेवटी थापी धुतो का. न धुणारा वाईट गवंडी असेलच असं नाही, पण धुणारा वाईट क्वचित निघतो.

सुरक्षेची नजर. साइटवर चालताना, जिथे कुणी चढणार नाही अशा बंद जागी एक शिडी मुद्दाम फार उभी लावून ठेवा. नियम असा की दर चार हात उंचीला पाया एक हात बाहेर, आणि शिडीचं टोक वरच्या पातळीपेक्षा सुमारे एक मीटर वर. न विचारता त्यावर बोलला तर उत्तम. नजर जाऊनही गप्प राहिला तर नंतर विचारा, का.

सावधान: परीक्षेच्या नावाखाली उमेदवाराकडून फुकट काम करून घेऊ नका. तास-दोन तासांपलीकडे गेलं तर पैसे द्या. आणि विमा, सुरक्षा साधनं, नियुक्तीपत्र नसताना कुणालाही उंचीवर किंवा खोल खड्ड्यात पाठवू नका.

## ६. चौकशी आणि कागदपत्रं

आधीच्या वरिष्ठाला फोन करा. सध्या जिथे काम करतो तिथे मात्र त्याच्या परवानगीशिवाय नको, उगाच त्याची आहे ती नोकरी जायची. "कसा आहे?" विचारलंत तर "चांगला आहे" हेच उत्तर येणार. विचारा, "पुन्हा घ्याल का? कुठल्या कामावर घ्याल, कुठल्यावर नाही?" दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर जास्त उपयोगी असतं. शक्य असेल तर त्याच्या हाताखाली काम केलेल्या एकाशीही बोला.

क्रेनचालक, वेल्डर, इलेक्ट्रिशियन, परांची बांधणारा यांचे परवाने आणि प्रमाणपत्रं मूळ प्रतीत पाहा, मुदत तपासा. मोबाइलवरचा फोटो चालणार नाही.

## ७. शब्द देताना

पद, वरिष्ठाचं नाव, पगार आणि तो मिळण्याची तारीख, तास, सुट्ट्या, परीक्षाकाळ हे सगळं लेखी द्या. कामातला त्रासही आत्ताच सांगा: रात्रीची काँक्रीट, धूळ, लांबची साइट. लपवून आणलेला माणूस पहिल्या रात्रीच्या स्लॅबनंतर जातो. न निवडलेल्यांनाही कळवा. पुढच्या कामाला त्यांच्यातलाच एखादा लागतो.

## ८. पहिला दिवस

पहिल्या दिवशी कुठलंही उत्पादनाचं काम देऊ नका. टोरँटोच्या इन्स्टिट्यूट फॉर वर्क अँड हेल्थने केलेल्या अभ्यासांत दिसलं की नोकरीच्या पहिल्या महिन्यात कामबुडीची दुखापत होण्याचा धोका वर्षभरापेक्षा जास्त टिकलेल्यांच्या तुलनेत तिपटीहून अधिक असतो. जुना जाणता माणूसही तुमच्या साइटवर नवाच असतो.

क्रम असा ठेवा:

1. हेल्मेट, बूट, हार्नेस त्याच्या मापाचे. घालून, पट्टे आवळून दाखवायला सांगा.
2. एकत्र जमायची जागा, प्रथमोपचार पेटी, अग्निशामक, मुख्य वीजबटण प्रत्यक्ष चालत जाऊन दाखवा.
3. आज धोकादायक काय आहे: उघडी शाफ्ट, चालू खोदकाम, क्रेनचा फिरण्याचा घेर.
4. ड्रॉइंग हातात घेऊन तळापासून वरपर्यंत एक फेरी.
5. सगळ्या ठेकेदारांच्या मुकादमांसमोर ओळख, आणि त्याचा अधिकार काय ते मोठ्याने.

पाचवी गोष्ट टाळली तर बाकीचं वाया जातं. "हे आजपासून सळई तपासतील. यांची सही नाही तर काँक्रीट नाही." हे वाक्य तुमच्या तोंडून, सगळ्यांच्या देखत यायला हवं. नाहीतर मुकादम पहिल्याच आठवड्यात त्याला बाजूला सारून थेट तुम्हाला फोन करतो, आणि तुम्ही घाईत "भरून घ्या" म्हटलंत की त्या मुलाचा शब्द साइटवरून कायमचा उठतो.

## ९. शिकवणं: दाखवा, करवून घ्या, वदवून घ्या

"माझ्याबरोबर फिर, शिकशील" ही शिकवण्याची पद्धत नाही. प्रत्येक कामासाठी चार टप्पे करा: त्याला आधीच काय येतं ते विचारा, मग करून दाखवा, मग त्याच्याकडून करवून घ्या, मग काही दिवस मागून तपासा.

स्लम्प टेस्टचंच बघा, म्हणजे ओलं काँक्रीट किती घट्ट-पातळ आहे याची चाचणी. बघायला सोपी म्हणून ती कुणी शिकवत नाही. ३०० मिमी उंचीचा, वर १०० आणि खाली २०० मिमी व्यासाचा साचा. आतून ओला करायचा, पाणी साचू द्यायचं नाही. बूड सपाट, न शोषणाऱ्या पत्र्यावर. पायांनी दाबून धरायचा. थराथरांत भरायचा, प्रत्येक थराला दांड्याने २५ टोचे, दांडा खालच्या थरात जेमतेम शिरेल इतका. वरचा भाग समतल. मग साचा सरळ वर उचलायचा, न फिरवता, न हिसका देता. उंचीतली घट मोजायची. करून दाखवताना प्रत्येक कृतीचं कारण सांगा. मग तो करत असताना कारण त्याला सांगू द्या. "साचा तिरका उचलला तर काय होईल?" याचं उत्तर त्याने स्वतःच्या शब्दांत दिलं की ते शिकून झालं. मान डोलावणं म्हणजे शिकणं नाही, विशेषतः वरिष्ठ उन्हात उभा राहून घाई करत असेल तेव्हा.

तपासा: दोन आठवड्यांच्या शेवटी कागदावरच्या निदान दोन ओळी तो तुमच्यासमोर एकट्याने करून दाखवतो का? नसेल तर आधी शिकवणाऱ्याची हजेरी बघा.

## १०. जबाबदारी हळूहळू सोडा

तिसऱ्या आठवड्यापासून प्रत्येक कामाला तीन पायऱ्या लावा. आधी "तू तपास, मी पुन्हा तपासतो". मग "तू तपास, मी अधूनमधून एखादा कॉलम बघतो". मग "तू सही कर, मला कळव". पायाचं आणि स्लॅबचं काँक्रीट, परांची, खोदकामाच्या बाजूंचा आधार यांत मात्र दुहेरी तपासणी शेवटपर्यंत ठेवा. तिथे अविश्वासाचा प्रश्नच नाही.

आठवड्यातून एकदा वीस मिनिटं बसून बोला. चालता चालता नव्हे. या आठवड्यात काय अडलं, काय विचारायला लाज वाटली, पुढच्या आठवड्यात कागदावरची कुठली ओळ घ्यायची. नव्या माणसाने शंकांची वही ठेवावी. कोरी वही दिसली तर त्याला सगळं येतंय असं समजू नका.

चुका होणार. त्यांचे प्रकार वेगळे ओळखा. माहीत नव्हतं म्हणून चुकलं, तर शिकवा. घाईत चुकलं, तर घाई कुणी केली ते आधी पाहा, बऱ्याचदा आपणच असतो. चूक लपवली, तर त्याच दिवशी, बंद दाराआड, स्पष्ट बोला आणि नोंद ठेवा. आणि स्वतःहून येऊन सांगितलेल्या चुकीवर आरडाओरडा केलात, तर पुढची चूक तुम्हाला थेट स्लॅबखालच्या भेगेतून कळेल.

नेहमीच्या दोन चुका: मजुरांसमोर झापणं, आणि त्याला ओलांडून मजुरांना थेट सूचना देणं. दुसरी जास्त वाईट, कारण ती करणाऱ्याला ती जाणवतही नाही. चूक दिसली तर त्याला बाजूला घ्या, त्याला सांगा, दुरुस्तीचा हुकूम त्याच्या तोंडून जाऊ द्या. अपवाद एकच: कुणाच्या जिवाला धोका असेल तर जो बघेल त्याने थांबवायचं.

## ११. ४५ आणि ९० दिवस

पहिला कागद बाहेर काढा. प्रत्येक ओळीपुढे तीनपैकी एक खूण: एकट्याने करतो, देखरेखीत करतो, करत नाही. त्यानेही स्वतःची खूण स्वतंत्रपणे करावी, मग दोन्ही कागद शेजारी ठेवा. जिथे खुणा जुळत नाहीत तिथूनच बोलायला सुरुवात करा.

नकाराची शक्यता असेल तर ती ४५व्या दिवशीच सांगा, काय सुधारायचं ते ओळीनिशी. ९०व्या दिवशी अचानक काढून टाकणं हा तुमच्याच देखरेखीचा दोष ठरतो. मुदत वाढवायची तर एकदाच आणि लेखी. संधी मिळालीच नाही म्हणून एखादी ओळ राहिली असेल, उदाहरणार्थ त्या काळात पायाचं काम झालंच नाही, तर ती त्याच्या खात्यात धरू नका.

राहणार असेल तर पगार, पद आणि पुढच्या सहा महिन्यांच्या ओळी त्याच बैठकीत ठरवा. शेवटी त्याला विचारा: या कागदात नसलेलं, पण रोज करावं लागलेलं काम कुठलं? उत्तर बहुधा लांबलचक येतं. ते तिथेच लिहून घ्या. पुढच्या भरतीचा कागद तिथून सुरू करा.